पंपाचं बिल सगळ्यांना दिसतं, चुलीतलं लाकूड कुणालाच नाही

‘शेतकऱ्याला वीज फुकट, आणि आमच्या बिलात दरवर्षी वाढ.’ हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलंय. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, कधी घरच्याच जेवणाच्या टेबलावर. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषीपंपांना मोफत वीज जाहीर केली, तेव्हापासून ते जरा जास्तच जोरात ऐकू येतं.

हे बोलणारी माणसं वाईट नसतात, आणि त्यांच्या बोलण्यात काही अंशी तथ्यही असतं. देशात वापरल्या जाणाऱ्या विजेतला साधारण सहावा हिस्सा शेतीत जातो. त्याची भरपाई काही प्रमाणात उद्योगांना आणि दुकानांना लावलेल्या चढ्या दरातून होते. फुकट विजेमुळे बोअर खोल खोल जातात, हेही खरं. या आकड्यांशी माझं भांडण नाही. अन्नाच्या ऊर्जेची वही पंपाच्या पानावर उघडायची आणि तिथेच मिटून ठेवायची, या सवयीशी आहे.

तुमच्या ताटातल्या वरण-भाताला लागलेली ऊर्जा तीन ठिकाणी खर्च होते. पहिली बांधाच्या आधी, म्हणजे खत, डिझेल, ट्रॅक्टर, पाइप तयार करताना. दुसरी प्रत्यक्ष शेतात. तिसरी बांधानंतर, म्हणजे गिरणी, कारखाना, शीतगृह, ट्रक, दुकान, फ्रिज आणि शेवटी शेगडी. या तिन्ही पानांपैकी मधल्या पानावर आपण लाल पेनाने शेरे मारतो. पहिलं पान दिसत नाही, आणि तिसऱ्या पानावर आपलीच सही आहे म्हणून ते वाचायचं नसतं.

पहिलं पान : गोणीतला गॅस

युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला साधारण २६६ रुपयांना मिळते. पेरणीनंतर चांगला पाऊस झाला की कृषी सेवा केंद्रासमोर रांगा लागतात आणि टीव्हीवर ‘युरियाचा तुटवडा’ अशी पट्टी फिरते. पण त्या पांढऱ्या दाण्यांत नेमकं काय भरलेलं असतं?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. तो फुकट आहे, पण बहुतेक पिकांना तसाच घेता येत नाही. म्हणून नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढायचा, हवेतल्या नायट्रोजनबरोबर तो प्रचंड दाबाखाली, चारशे-पाचशे अंश तापमानात एकत्र आणायचा, त्याचा अमोनिया करायचा आणि अमोनियाचा युरिया. जर्मनीत फ्रिट्झ हाबरने प्रयोगशाळेत आणि कार्ल बॉशने कारखान्यात जमवलेली ही युक्ती १९१३पासून औद्योगिक प्रमाणावर वापरात आहे. मुंबईत ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला जे खत कारखाने आहेत, तेही हेच करतात.

एक टन युरिया बनवायला आपल्या कारखान्यांत साधारण ५५ ते ६० लाख किलोकॅलरी ऊर्जा लागते. म्हणजे एका गोणीला अडीच लाखांच्या वर. घरगुती गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड लाख किलोकॅलरी असतात. भागाकार करा. एका गोणीमागे दीड ते पावणेदोन सिलिंडरइतका गॅस खर्च झालेला असतो. शेतकरी खांद्यावरून गोणी नेतो तेव्हा तो खरं तर हे सिलिंडर वाहत असतो.

असा युरिया आपण दरवर्षी साडेतीन कोटी टनांच्या आसपास वापरतो. देशात खपणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी साधारण ३० टक्के एकटा खत उद्योग घेतो, आणि देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळपास निम्मा बाहेरून येतो. म्हणूनच २०२२मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, जगभर गॅस महागला, आणि २०२२-२३मध्ये भारताचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या पुढे गेलं.

त्या रकमेला आपण ‘शेतकऱ्यांचं अनुदान’ म्हणतो. पैसे जातात खत कंपन्यांना, तिथून गॅस विकणाऱ्यांना, आणि त्यातला मोठा वाटा समुद्रापलीकडे. त्या खतावर पिकलेला गहू-तांदूळ स्वस्त राहतो तो तुमच्या-माझ्यासाठी. नाव मात्र शेतकऱ्याचं.

पर्याय नाही असंही नाही. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यातले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला जागेवरच बनवून देतात, कुठल्याही पाइपलाइनशिवाय. आमच्या लातूर भागात तूर पिकते, बहुतांश पावसाच्या पाण्यावर. पण सरकारी खरेदीची खात्रीची व्यवस्था गव्हा-तांदळाला आहे, तशी डाळींना नाही. भाव जरा चढला की म्यानमारहून, मोझांबिकहून तूर येते आणि आमच्या बाजार समितीत भाव कोसळतो. मग शेतकरी उसाकडे वळला, की त्याच्यावर पाणी आणि वीज उधळल्याचा आरोप करायला आपण मोकळे.

दुसरं पान : रात्रीची पाळी

आता पंपाकडे येऊ. तो टाळायचा नाही. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की तीस-पस्तीस युनिट वीज खातो. औष्णिक केंद्रात एका युनिटमागे साधारण अडीच हजार किलोकॅलरीइतका कोळसा जळतो, असं धरलं तर पंपाच्या तीन पाळ्या आणि युरियाची एक गोणी ऊर्जेच्या हिशेबाने जवळजवळ सारख्या. पंपाचा खर्च मोठा आहे, हे मला मान्य आहे.

पण तो मोजला कसा जातो, हेही बघा. राज्यातल्या अनेक कृषीपंपांना मीटरच नाही. अश्वशक्तीवर अंदाजे बिल निघतं. वितरणातली गळती आणि चोरी या अंदाजात मिसळून शेतीच्या नावावर खपवली जाते, असा आरोप वीजग्राहक संघटना आणि ऊर्जा क्षेत्रातले अभ्यासक वर्षानुवर्षे करत आले आहेत. म्हणजे ज्या एका पानावर आपण एवढे शेरे मारतो, त्यावरची बेरीजसुद्धा धड नाही.

आणि ही वीज मिळते कधी? आमच्या गावात पाळी ठरलेली असते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत अण्णा बॅटरी घेऊन शेतात जातात. अंधारात पाणी या सरीतून त्या सरीत वळवायचं. लाइट गेली तर परत येईपर्यंत बांधावर बसायचं. पायाखाली साप आहे की पाइप, ते बॅटरीच्या उजेडात ठरवायचं. डीपी जळली तर आठ-आठ दिवस पीक वाळताना बघायचं. रात्री पाणी देणं पिकाला आवडतं म्हणून ही पाळी नाही. शहरं, कारखाने आणि शेती यांची मागणी एकाच वेळी येऊ नये, यासाठी विजेचं वेळापत्रक लावलं जातं, आणि त्यात गैरसोयीची वेळ ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या वाट्याला येते.

या फुकट विजेची किंमत जागरणात मोजली जाते. दिवसा वीज द्यायची योजना आहे. शेतीच्या फीडरजवळ सौर प्रकल्प उभारणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७मध्ये आली. सूर्य दिवसाच तळपतो आणि पंपही दिवसाच चालायला हवा, इतकी ती साधी गोष्ट आहे. पण ती आमच्या शेतापर्यंत पोचेस्तोवर बॅटरीचे सेल आम्हालाच विकत घ्यावे लागतात.

तिसरं पान : उणे अठरा अंश

आता आपलं पान. मी पुण्यात नोकरी करते, फ्लॅटमध्ये राहते, फोनवरून भाजी मागवते. तेव्हा ‘आपलं’ म्हणताना मीही त्यात आले.

फ्रेंच फ्राइजचं पाकीट घ्या. बटाटा शेतातून निघाला की आधी शीतगृहात जातो. देशातल्या शीतगृहांची बरीचशी क्षमता एकट्या बटाट्यासाठीच आहे. तिथून कारखान्यात. तो वाफेने सोलायचा, कापायचा, गरम पाण्यातून काढायचा, वाळवायचा, अर्धवट तळायचा आणि लगेच गोठवायचा. इथून पुढे तापमान उणे अठरा अंश. गोदामात उणे अठरा, ट्रकमध्ये उणे अठरा, डार्क स्टोअरमध्ये उणे अठरा. हा फ्रीझर रात्री तीन वाजताही चालू असतो, कारण तुम्हाला कधी भूक लागेल ते अ‍ॅपला माहीत नसतं. मग दहा मिनिटांत घरी, आणि घरी पुन्हा कढईत किंवा एअर फ्रायरमध्ये. एकच बटाटा दोनदा तळला जातो आणि मधल्या सगळ्या काळात थंड ठेवला जातो. घरात बटाट्याच्या काचऱ्या करायला एक सुरी, एक तवा आणि पंधरा मिनिटं लागतात.

इथे बहुतेकांचा राग डिलिव्हरीच्या स्कूटरवर निघतो. तो चुकीच्या जागी निघतो. अन्नाच्या ऊर्जेत वाहतुकीचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा लहान असतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१०मध्ये एक अहवाल काढला होता. त्या देशात अन्नासाठी लागणारी ऊर्जा १९९७मध्ये एकूण ऊर्जावापराच्या १२.२ टक्के होती. २००२मध्ये ती १४.४ टक्के झाली, आणि २००७साठी त्यांचा अंदाज १५.७ टक्क्यांचा होता. या अन्नऊर्जेत शेतीचा वाटा साधारण सातवा हिस्सा. वाहतुकीचा त्याहून बराच कमी. सर्वांत मोठा वाटा घरातल्या स्वयंपाकघराचा, म्हणजे फ्रिज, ओव्हन, डिशवॉशर यांचा. आणि सर्वांत वेगाने वाढत होती अन्नप्रक्रिया.

ही वाढ का झाली, याचं जे उत्तर त्या अहवालात आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. लोकसंख्या आणि खाण्यावरचा खर्च वाढला, हे तर आहेच. पण एक मोठं कारण असं की घरातल्या आणि कारखान्यातल्या माणसांच्या हातांची जागा ऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रांनी घेतली. सोललेली, चिरलेली, शिजवलेली, गोठवलेली वस्तू विकत आणायची, म्हणजे हातांचं काम विजेला द्यायचं.

हातांचं काम विजेला देणं वाईट आहे, असं मी अजिबात म्हणत नाही. जात्याच्या जागी गिरणी आली आणि पाट्याच्या जागी मिक्सर आला, याबद्दल आमच्या घरातली एकही बाई हळहळलेली मी पाहिलेली नाही. ‘पूर्वीचं सगळं चांगलं’ हे गाणं गाणाऱ्यांनी आधी दोन किलो ज्वारी दळून दाखवावी. माझा प्रश्न वेगळा आहे. ऊर्जा मोजूनमापून वापरायची असेल, तर ती आधी कुणाच्या हातांना सुटका द्यायला वापरायची?

न मोजलेलं पान

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०११मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, जगातल्या एकूण वापरलेल्या ऊर्जेपैकी साधारण ३० टक्के अन्नव्यवस्थेत जाते, आणि त्यातली ७० टक्क्यांहून जास्त बांधाबाहेर पडल्यानंतर. श्रीमंत देशांत हा नंतरचा खर्च प्रक्रिया आणि वाहतुकीवर होतो. गरीब देशांत तो होतो शिजवण्यावर.

आपल्याकडे हे फार आधी समजलं होतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात कर्नाटकातल्या पुरा नावाच्या छोट्या गावाचा ऊर्जेचा हिशेब घराघरांत जाऊन मांडला. गावाची बहुतांश ऊर्जा नांगर, मोट किंवा पंपात जात नव्हती. ती जात होती सरपणात, स्वयंपाकासाठी. आणि ते सरपण आणण्यात, पाणी भरण्यात खर्च होणारी माणसांची ऊर्जा मोठ्या प्रमाणात बायकांची आणि मुलांची होती.

तेव्हापासून खूप बदललं. १ मे २०१६ला उत्तर प्रदेशात बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत सिलिंडर पोचला. ते मोठं काम आहे. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरं निघाली ५८.६ टक्के. शहरांत सुमारे ९० टक्के, आणि ग्रामीण भागात ४३ टक्के. म्हणजे खेड्यातल्या निम्म्याहून जास्त घरांत तेव्हाही लाकूड, गोवऱ्या, तुराट्या-पऱ्हाट्या पेटत होत्या. ज्या घरातून तुमचं अन्न निघतं, त्या घराचा स्वतःचा स्वयंपाक धुरात होतो.

सिलिंडर असलेल्या घरातही चूल विझलेली नसते. आमच्याकडेच बघा. शेगडी चहाला, पाहुण्यांना आणि पावसाळ्यात सरपण भिजलं की. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. ‘चुलीवरच्या भाकरीची चव’ हे शहरातल्या ढाब्याच्या पाटीवर ठीक आहे. आई चूल पेटवते ती सिलिंडर पुरवायचा असतो म्हणून. शेगडीच्या लायटरला हात लावताना बाई मनात महिन्याचा हिशेब करते. विजेचा पंप फुकट, आणि भाकरीचा गॅस बाजारभावाच्या आसपास. घरातल्या पुरुषाच्या कामाची ऊर्जा धोरणात येते, बाईच्या कामाची ऊर्जा तिच्या डोक्यावर येते. गावच्या सभेत डीपीसाठी अर्ज होतो. सरपणासाठी कुणी अर्ज केलेला मी ऐकलेला नाही.

आणि यात बचतही नाही. साध्या चुलीत लाकडातल्या ऊर्जेपैकी जेमतेम १०-१५ टक्के भांड्यापर्यंत पोचते, गॅसच्या शेगडीत ६० टक्क्यांच्या पुढे. म्हणजे तीच डाळ शिजवायला चूल चार-पाच पट ऊर्जा खाते आणि वर बाईची फुप्फुसंही. देशाच्या अन्नऊर्जेतली एवढी मोठी उधळपट्टी कुठल्याच वीजबिलात दिसत नाही. ती दिसत नाही म्हणून तिच्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडणही होत नाही.

मग काय, शीतगृहं बंद करायची?

हा प्रश्न येणारच. नाही. दूध थंड केल्याशिवाय गावातून शहरात येऊ शकत नाही. भाजी सडली की तिच्यात घातलेला युरियाही सडतो, पाणीही आणि रात्रीचं जागरणही. नासाडी वाचवणारा थंडावा हवाच. पण सगळ्या साठवणीला वीज लागतेच असं नाही. लासलगावच्या परिसरात फिरलात तर कांद्याच्या चाळी दिसतील. जमिनीपासून उचललेल्या, बाजूंनी फटी ठेवलेल्या. खालून-बाजूने वारा खेळतो आणि उन्हाळ कांदा त्यात काही महिने टिकतो, वीज जवळजवळ शून्य. पावसाळ्यात त्यातला बराच सडतो, वजनही घटतं, हे खरं. पण मग ती चाळ सुधारण्यावर संशोधन आणि पैसा लावायचा, की थेट कॉम्प्रेसर बसवायचा, हा निवड करण्याचा प्रश्न आहे. मला फरक एवढाच करायचा आहे, की कांदा वाचवणारी साठवण वेगळी आणि रात्री तीनला फ्राइज तयार ठेवणारा फ्रीझर वेगळा. धोरणाच्या कागदावर दोन्ही ‘अन्नप्रक्रियेला प्रोत्साहन’ या एकाच शीर्षकाखाली यायला नकोत.

‘पण मी माझे पैसे देऊन विकत घेतो’ हाही मुद्दा येईल. बरोबर. पण मग ‘माझ्या बिलातून त्याचं भरलं जातं’ असं म्हणताना तीच मोजपट्टी स्वतःलाही लावा. तुमच्या ताटातल्या गव्हातलं खत अनुदानाचं, त्यातलं पाणी सवलतीच्या विजेचं. जळलेल्या कोळशाची हवा सगळ्यांची. या देशात अन्न कुणीच पूर्ण किंमत देऊन खात नाही.

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींत आहे. शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्या, सौर द्या, आणि पंपाला मीटर बसवा. बिल घेण्यासाठी नाही, तर दुसऱ्यांची गळती आमच्या खात्यात पडू नये म्हणून. खताच्या अनुदानातला काही भाग तुरी-हरभऱ्याच्या खात्रीच्या खरेदीकडे वळवा, म्हणजे गॅसचं काम मुळांवरच्या गाठी करतील. आणि ग्रामीण घरातला सिलिंडर, किंवा वीज खात्रीची असेल तिथे विजेची शेगडी, हे पंपाइतकंच शेतीचं अवजार समजा आणि त्याला पंपासारखीच सवलत द्या. तूर शिजायला वेळ घेते, म्हणजे शेतात वाचवलेली काही ऊर्जा ती शेगडीवर मागते. कुकर आणि भिजत घालणं यांनी ती बरीच कमी होते. पण उरलेली तरी बाईच्या डोक्यावरच्या मोळीतून यायला नको.

आपल्या बाजूने एक मागणी करता येईल. फ्रिजवर आपण ऊर्जेचे स्टार मोजतो, मग त्यात ठेवायच्या पाकिटावर का नाहीत? त्या पाकिटामागे किती ऊर्जा गेली, हे कंपन्यांनी छापावं. ती कुणी खाऊ नये म्हणून नाही. हिशेबाची तिन्ही पानं एकदा सगळ्यांसमोर यावीत म्हणून.

ती येतील तेव्हा फुकट विजेवर जरूर भांडू. मीही भांडेन, आणि माझ्या अण्णांशीसुद्धा. पण त्या भांडणाला आईलाही बोलवावं लागेल, आणि तिचा आकडा आपल्याकडे अजून लिहिलेलाच नाही.